कॅसेटची दुसरी बाजू

माझ्या मायच्या आवाजावर मी 'साजन' सिनेमाची गाणी रेकॉर्ड केली होती. हे मला तीस वर्षांनी कळलं. आपला इतिहास कुणी पुसला, हा प्रश्न आपण प्रत्येक भाषणात विचारतो. या एका प्रकरणात त्याचं उत्तर मी स्वतः आहे, म्हणून हा लेख.

मी राजूरचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं हे गाव कोळशाच्या खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं. बाहेरचे लोक 'राजूर कॉलरी' म्हणतात. आमच्याकडे खाणीतला माणूस काळा होऊन घरी यायचा आणि भट्टीवरचा पांढरा. कामासाठी कुठून कुठून माणसं आली. तेलुगू बोलणारी, हिंदी बोलणारी आणि आमच्यासारखी आजूबाजूच्या खेड्यांतून गावकी सोडून निघालेली. चांदा इथून जवळ. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, ते आमच्या घरातली जुनी माणसं कालपरवा घडल्यासारखं सांगायची.

माझे बाबा अंडरग्राउंडला होते. हा शब्द आमच्या घरात रोजचा. जमिनीखाली उतरून कोळसा भरायचा, पाळी संपली की वर यायचं. शहरातल्या पोरांना 'अंडरग्राउंड म्युझिक' म्हटलं की काहीतरी भारी वाटतं. आमच्याकडे अंडरग्राउंड म्हणजे हाजरी, टोपीवरचा दिवा आणि छातीत बसलेली धूळ.

बाबा गात होते हे मला माहीत होतं, पण पुसटसं. 1987 च्या भीमजयंतीला खाणीतल्या चार मजुरांनी मिळून एक गायन पार्टी काढली आणि 1988 सरता सरता ती मोडली. दोन वर्षंसुद्धा चालली नाही. तिला नीटसं नावही नव्हतं, लोक 'कॉलरीवाले' म्हणायचे. एक ढोलकी, एक पेटी, एक खंजिरी आणि चौथ्याच्या हातात लोखंडी पाइपाचा तुकडा, त्यावर तो दुसऱ्या लोखंडानं ठोका द्यायचा. माईक बहुतेक वेळा नसायचा, म्हणून सगळे ओरडून गायचे. माझं वय तेव्हा नऊ-दहा वर्षांचं. मला एवढंच आठवतं की त्यांचं गाणं सुरू झालं की लहान पोरं कानावर हात ठेवायची आणि तरी उठून जायची नाहीत.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरी गेलो होतो. मायच्या पत्र्याच्या पेटीत बाबांच्या फंडाचे कागद शोधत होतो. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण कागदांची कटकट संपत नाही. त्या कागदांखाली कापडात गुंडाळलेली एक साठ मिनिटांची कॅसेट मिळाली. वर निळ्या पेनानं फक्त '1988' लिहिलेलं. चालू टेपरेकॉर्डर गावात मिळेना. शेवटी एका चुनाभट्टीच्या ड्रायव्हरनं जुन्या गाडीतला प्लेअर काढून दिला.

पहिली बाजू लावली. आधी खरखर, मग कुणीतरी खोकलं, मग तो लोखंडाचा ठोका, आणि त्यावर माझे बाबा. सात गाणी, बावीस मिनिटं. दम घ्यायला जागा नाही. एक गाणं पगाराच्या दिवशी गेटवर उभ्या राहणाऱ्या सावकाराचं, त्याचं नाव घेऊन. एक दारूच्या गुत्त्याचं, तेही नाव घेऊन. एक छत कोसळून मेलेल्या मजुराचं. एक 'रिडल्स'चं. 1987 मध्ये राज्य सरकारनं बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा चौथा खंड काढला, त्यावरून राम-कृष्णाच्या प्रकरणाचा वाद पेटवला गेला आणि 1988 च्या फेब्रुवारीत आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. राजूरच्या क्वार्टरमध्ये त्याचं गाणं झालं होतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

पुण्यात शिकणारा माझा भाचा शेजारी बसला होता. तो गिटार वाजवतो. तिसरं गाणं संपलं तसा तो म्हणाला, "मामा, हे तर हार्डकोर पंक आहे."

मला राग आला. आपल्या बापाच्या गाण्याला गोऱ्यांच्या गाण्याचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे? पण त्यानं मोबाइलवर एकेक ऐकवत सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण त्यात आपल्या कामाचं पुष्कळ आहे.

1970 च्या दशकाच्या शेवटी आणि 1980 च्या सुरुवातीला अमेरिकेत हे संगीत उभं राहिलं. गाणं दीड-दोन मिनिटांचं, चाल सुसाट, गाणं कमी आणि ओरडणं जास्त. कंपनी विचारत नाही तर स्वतः रेकॉर्ड करायचं, स्वतः विकायचं. वॉशिंग्टनच्या 'मायनर थ्रेट' या बँडची पोरं स्वतःच्या लेबलच्या रेकॉर्डची कव्हरं घरी बसून कापायची, घडी घालून चिकटवायची. तो बँड तीनेक वर्षंच टिकला. त्याच शहरातला 'बॅड ब्रेन्स' हा चार काळ्या तरुणांचा बँड. त्यांचा पहिला अल्बम 1982 मध्ये आला तो फक्त कॅसेटवर. म्हणजे ज्या संगीताला जग गोऱ्या पोरांचं बंड समजतं, त्याच्या मुळाशी काळे होते.

आणि त्याच्याही आधीची एक गोष्ट. डेट्रॉइट या मोटार कारखान्यांच्या शहरात हॅकनी आडनावाचे तीन काळे भाऊ होते: डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस. त्यांच्या बँडचं नाव 'डेथ', म्हणजे मृत्यू. 1975 मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. एका बड्या कंपनीच्या प्रमुखानं पैसे लावायची तयारी दाखवली, अट एकच: हे नाव बदला. थोरल्या डेव्हिडनं नाही म्हटलं. मग त्यांनी स्वतःच्या पैशानं 1976 मध्ये दोन गाण्यांची एक रेकॉर्ड काढली, प्रती पाचशे. कुणी विचारलं नाही, बँड मोडला. डेव्हिडनं मूळ टेप भावाकडे सोपवल्या आणि सांगितलं की एक दिवस जग हे शोधत येईल. तो 2000 मध्ये कॅन्सरनं गेला. टेप माळ्यावर पडून राहिल्या. पुढे बॉबीच्या मुलानं कुठल्याशा पार्टीत एक जुनं गाणं ऐकलं आणि त्याला आवाज ओळखीचा वाटला. तो त्याच्या बापाचा होता. बापानं घरात कधी सांगितलंच नव्हतं. 2009 मध्ये ती सात गाणी अखेर अल्बम म्हणून आली, चौतीस वर्षांनी.

हे ऐकून मी गप्प झालो. कारण नाव बदलण्याची अट आमच्या कॉलरीवाल्यांनाही घातली गेली होती.

माय सांगते, बाबा आणि ते तिघं एका शहरातल्या कॅसेटवाल्याकडे गेले होते. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, आवाज दमदार आहे, पण सावकाराचं आणि गुत्त्याचं गाणं काढा. त्या जागी बाबासाहेबांच्या जन्माची दोन गाणी सिनेमाच्या चालीवर करा, मी छापतो. हे चौघे एसटीनं परत आले. मग क्वार्टरच्या खोलीत, खिडक्यांना चादरी लावून, उसन्या टेपरेकॉर्डरवर ही कॅसेट भरली. दोन कॅसेटच्या मशीनवर वीस-पंचवीस प्रती काढल्या आणि पंधरा रुपयांना एक अशा विकल्या. हे करायला त्यांना कुणी पंक शिकवलं नव्हतं. दार बंद झालं की माणूस भिंतीतून वाट काढतो, तशी त्यांनी काढली.

पार्टी मोडली ती मात्र कॅसेटवाल्यामुळे मोडली नाही. ती आपल्यामुळे मोडली. रिपब्लिकन पक्षाचे किती गट होते आणि आहेत, तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक गटाच्या कार्यक्रमात आपल्या नेत्याचं नाव गाण्यात घ्या, असा आग्रह. कॉलरीवाले म्हणाले, आम्ही बाबासाहेबांचं गाऊ आणि मजुराचं गाऊ, नेत्याचं गाणार नाही. मग सुपाऱ्या यायच्या बंद झाल्या. एकाची बदली झाली, एकाच्या छातीनं साथ सोडली, एक ज्या गुत्त्याविरुद्ध गायचा त्याच गुत्त्यावर बसू लागला. बाबा एकटे उरले. एकट्याची पार्टी होत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो.

पहिली बाजू संपल्यावर मी कॅसेट उलटी करून लावली. 'साजन'. सगळीच्या सगळी. मध्ये एकदा रेडिओच्या निवेदकाचा आवाज आणि मग एका तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं "चूप रे, रेकॉर्डिंग चालू आहे." तो पोरगा मी.

1991-92 चा काळ. रेडिओवरून गाणी भरून घ्यायचं वेड होतं. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नसायचे, म्हणून घरातली जुनी कॅसेट घ्यायची आणि तिच्यावर भरायचं.

मी मायला हसत हसत म्हटलं, "पाय ना माय, मी कशी मस्ती केली." ती हसली नाही. म्हणाली, "त्या बाजूनं आमी होतो."

"आमी म्हणजे?"

"मी अन् भट्टीवरच्या तिघी. आमी पाच गाणे म्हटले होते."

मला काय बोलावं सुचेना. एवढी वर्षं सांगितलं का नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, "तू लहान होता. तुले गाण्याचा नाद. अन् आमचं काय, आमी काई पार्टीतल्या थोडीच होतो."

कॅसेट हातात घेऊन पाहिली. ज्यांनी कॅसेट वापरल्या आहेत त्यांना माहीत आहे, वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या खिट्ट्या असतात, प्रत्येक बाजूची एक. ती तोडली की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. या कॅसेटची पहिल्या बाजूची खिट्टी तोडलेली होती. दुसऱ्या बाजूची शाबूत होती. बाबांनी स्वतःची बाजू बंद करून जपली आणि मायची उघडी ठेवली. मुद्दाम नसेल केलं, मला खात्री आहे. पण मुद्दाम न करताच असं होतं, हेच तर मला सांगायचं आहे. सावकाराचं नाव घेऊन गाणाऱ्या, नेत्यापुढे न झुकणाऱ्या माणसालाही वाटलं नाही की बायकोचा आवाज जपण्यासारखा आहे. आणि त्याच्या मुलाला तर तिथे आवाज आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

20 जुलै 1942 ला नागपुरात बाबासाहेबांनी महिला परिषदेत सांगितलं की समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. हे वाक्य आपण बॅनरवर छापतो. बॅनरखाली जी बाई चटया अंथरते, ती काय गाते हे विचारत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी घरोघरी फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, ते 1989 मध्ये आलं. म्हणजे राजूरच्या क्वार्टरमध्ये माझी माय गात होती, त्याच सुमारास त्या दोघी दारोदार जाऊन ऐकत होत्या. त्यांनी ऐकलं म्हणून ते उरलं. आमच्याकडे ऐकणारं कुणी नव्हतं.

मी प्रती शोधायला लागलो. वीस-पंचवीस विकल्या होत्या, एखादी तरी असेल. वणी झालं, घुग्घुस झालं, बल्लारपूर झालं. खाणीतला माणूस बदलीच्या मागे जिथे जिथे गेला तिथे गेलो. बहुतेक घरांत उत्तर एकच: "होती भाऊ, पोट्ट्यानं तिच्यावर भरलं." मी एकटा नव्हतो. आमची सगळी पिढीच बापांच्या आणि मायांच्या आवाजावर सिनेमा भरत होती.

एका घरी मिळाली. टेपला पांढरी बुरशी, आतला छोटा दाबपट्टीचा तुकडा गळालेला. नागपूरच्या एका जुन्या मेकॅनिकनं टेप काढून, हलक्या हातानं पुसून, दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. म्हणाला, एकदाच वाजेल असं समजा आणि त्या एका वेळेतच उतरवून घ्या. दुसऱ्या बाजूची अकरा मिनिटं मिळाली. चार बायका, वाजवायला फक्त खंजिरी आणि टाळ्या. त्यातला एक आवाज बाकीच्यांच्या पुढे जाणारा, उंच, फाटका, न घाबरणारा.

मी ते मायला ऐकवलं. मला वाटलं तो पुढचा आवाज तिचाच. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "मी नोय ही. ही भट्टीवरची. मी मांगं हाये." मग त्या बाईचं नाव सांगितलं. ती वारली आहे. तिचा मुलगा आता दुसऱ्या जिल्ह्यात मजुरी करतो. फोन लावला, अकरा मिनिटं ऐकवली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "माझ्याजवळ तिचा फोटोबी नाई."

मी माझ्या मायचा आवाज शोधायला निघालो आणि दुसऱ्याच्या मायचा मिळाला. डेट्रॉइटची ती गाणी जगासमोर यायला चौतीस वर्षं लागली; आमच्याकडेही जवळजवळ तेवढीच लागली. फरक एवढाच की तिकडे माळा होता, टेप सुखरूप होत्या आणि अल्बम काढणारी कंपनी शेवटी तरी आली. आपल्याकडे कुणी येणार नाही. आपल्यालाच जावं लागेल.

आता काही मित्र म्हणतील, संविधान धोक्यात असताना हा कसल्या कॅसेटी घेऊन बसला? त्यांना माझं सरळ उत्तर आहे. आपण लिहिलेलं जपायला शिकलो. वसंत मून यांच्यासारख्या माणसांनी बाबासाहेबांचे कागद जिवापाड सांभाळले, 1979 पासून खंड निघाले, म्हणून आज आपण वाद घालू शकतो. पण आपल्या बहुसंख्य माणसांनी लिहिलं नाही, ते गायले. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गावोगाव बाबासाहेब पोहोचवले. त्यांनी जलशांवर पुस्तक लिहिलं म्हणून आपल्याला त्यातलं काही वाचता येतं, पण त्या जलशाचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. वामनदादा कर्डक दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर शिकले आणि हजारो गाणी लिहिली. आपल्या एका जलशाची ताकद आपल्या कित्येक सभांएवढी आहे असं बाबासाहेब म्हणाल्याचं आपण अभिमानानं सांगतो, आणि आपल्याच सभेत गायकाला साहेब येईपर्यंत वेळ भरायला उभं करतो. साहेब आले की गाणं अर्ध्यात तोडतो.

विलास घोगरे यांचं उदाहरण घ्या. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या 'हमारा शहर'मध्ये ते गायले. 11 जुलै 1997 ला रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली आणि चारच दिवसांनी घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षं घालून 'जय भीम कॉम्रेड' केला. आज घोगरेंचा आवाज आपल्याला ऐकू येतो, कारण कुणीतरी कॅमेरा आणि माईक घेऊन त्यांच्यासमोर बसलं होतं. ज्यांच्यासमोर कुणी बसलं नाही असे घोगरे प्रत्येक वस्तीत होते.

दुसरा आक्षेप तरुणांचा. म्हणतात, आता रॅपचा जमाना आहे, जुनं कशाला? मी रॅपच्या विरोधात नाही. जयंतीच्या डीजेवर नाकं मुरडणाऱ्यांतलाही मी नाही. पण रॅप करणाऱ्या पोराला हे कळायला नको का, की सावकाराचं नाव घेऊन गाणारा पहिला तो नाही? 1972 मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव काळ्यांकडून घेतलं, कारण दुःख ओळखीचं होतं. नाव घेतलं तशी एक सवयही घ्यायची होती: आपली टेप फेकायची नाही.

म्हणून विनंती आहे, आणि ती कामाची आहे. येत्या 14 एप्रिलच्या आधी आपापल्या वस्तीत एक रविवार द्या. पेट्या, माळे, कपाटं शोधा. कॅसेट मिळाली की सर्वात आधी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या तोडा, दोन्ही. बुरशी असेल तर वाजवून पाहायचा मोह आवरा, जाणत्या माणसाकडे न्या. कॉम्प्युटरवर उतरवताना आधी मोठी, पूर्ण दर्जाची फाइल ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरवायची छोटी फाइल नंतर करा. तीन प्रती तीन वेगळ्या घरांत ठेवा. आणि कोण गायलं, कोणी वाजवलं, कुठे, कोणत्या साली, हे वहीत लिहा. मागे टाळ्या वाजवणाऱ्या बाईचंही नाव लिहा. ती जिवंत असेल तर तिला विचारून लिहा, आणि गाणं बाहेर द्यायचं की नाही हेही तिलाच विचारा.

मायला तिच्या पाच गाण्यांतली दोन आठवतात, तिसरं अर्धं. मी मोबाइल समोर ठेवला. आवाज आता थरथरतो, मध्येच दम लागतो. एका कडव्यावर ती अडली आणि म्हणाली, "थे तिले येत होतं, भट्टीवालीले." तेवढी जागा रेकॉर्डिंगमध्ये तशीच रिकामी ठेवली आहे. कापली नाही.

जय भीम!